मोडलं तर आमचं

ठाणे, २० जून १९५४

चि. मधू,

“मोडलं तर आमचं, टिकलं तर तुमचं.”

आप्पांनी हे वाक्य दगडू सुताराला ऐकवलं तेव्हा तू गल्ल्याशेजारी बसून कुरमुरे खात होतास. दगडूला नुकती कुठे मिसरूड फुटली होती. नवी पटाशी हातात घेऊन तो नुसती उलटसुलट करत होता. घ्यावी की नको ते त्याचं ठरत नव्हतं. आप्पांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, फडक्याने पुसली, पुन्हा त्याच्या हातात ठेवली आणि हे म्हणाले. संध्याकाळी तू मला विचारलंस, “अक्का, लोकांनी मुद्दाम मोडून आणलं तर?” आप्पांनी ते ऐकलं. म्हणाले, “ज्याच्यावर पोट असतं ते कोणी मुद्दाम मोडत नाही रे.”

तुला हे आठवतं का, असं विचारायचं कारण, तुझ्या कारखान्याच्या छापील कार्डावर त्याचा मागमूसही नाही.

दगडू काल आला होता. मिशा पांढऱ्या झाल्या, जीभ मात्र तशीच आहे. बाजारात घेतलेली, तुझ्या डोंबिवलीच्या कारखान्याची पटाशी त्याने गल्ल्यावर टाकली. धारेचा एक कोपरा उडालेला.

“सुमतीबाई, हिला पटाशी म्हणायचं का खारी? चहात बुडवून खाऊ का?”

“कशावर चालवलीत?”

“सागावर. उद्या लोण्यावर चालवून बघतो. तिथे तरी टिकते का बघू.”

मी त्याला दुसरी दिली. पावती मागितली नाही. तुझं कार्ड मात्र वाचून दाखवलं. गॅरंटी सहा महिने, मूळ पावती जोडावी, माल स्वखर्चाने डोंबिवलीच्या पत्त्यावर पाठवावा, चुकीच्या वापराबद्दल कंपनी जबाबदार नाही. दगडूने डोकं खाजवलं. “म्हणजे असं, की पटाशी मोडली तर आधी मी चुकलो, मग पोस्ट चुकलं, मग पावती चुकली. एवढं सगळं होऊन वेळ उरला तर पटाशीचं बघणार.”

तो हसला, मीही हसले. मग तो गेल्यावर मला हसू आल्याची लाज वाटली. ज्याची चेष्टा झाली ते नाव आपलं आहे.

मागे टोपलीत अशा मोडक्या वस्तू साठत चालल्यात. मधू, मला एकच सांग. पाणी दिल्यावर तुम्ही हत्याराला परत ऊब देता की नाही? तुला शिकवायला नको. तापून लाल झालेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. आप्पा म्हणायचे, पाणी दिल्यावर पोलाद रागावलेलं असतं, त्याला जरा वेळ मांडीवर घ्यावं लागतं. मंद आचेवर परत तापवायचं, रंग बदलताना बघायचा, योग्य रंगावर थांबायचं. वेळ लागतो. कोळसा लागतो. तेवढ्यासाठी ते सोडलंत का?

हेमाला सांग, माझ्या हाताला भाजलंय ते काही विशेष नाही. शेगडीपाशी होतं कधी कधी. तिने आठवणीने विचारलं, बरं वाटलं.

आणि हो, बाळकुमच्या काळुरामच्या डोळ्याला थोडं लागलंय. आपल्या छापाच्या छिन्नीने विहिरीतला दगड फोडत होता. त्याची बायको शकू दुकानात येऊन गेली. मी जाऊन बघते.

तुझी,
अक्का


ठाणे, १८ जुलै १९५४

मधू,

तुझं उत्तर आलं नाही, हेमाचं आलं. “ह्यांना सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, मुंबईच्या लोहारचाळीतून फार मागणी आहे” असं ती लिहिते. असेलच. विलायती हत्यारं परवान्याशिवाय येत नाहीत, तेव्हा कोणी काहीही बनवलं तरी खपतंय. ऊब देता का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या पत्रात नाही. तिला ते ठाऊक नसणार. तुला ठाऊक आहे, आणि तू लिहिलं नाहीस, तेव्हा मलाही कळलं.

मागच्या पत्रात मी ‘थोडं लागलंय’ असं लिहिलं. ते थोडं नव्हतं. शकूने पदराच्या गाठीतून छिन्नीचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला तेव्हाच मला ते दिसलं होतं. पण लेखणी तिथे अडली.

काळुरामचा उजवा डोळा गेला. मुंबईला मोठ्या इस्पितळातही नेलं होतं. धारेची कपची उडाली ती सरळ आत गेली.

मी गेले तेव्हा तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. शकू जवळा निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरले. आणि तोंडातून निघालं ते नेमकं नको ते.

“काळुराम, मारताना तोंड बाजूला केलं नव्हतंत का?”

शकूने सूप खाली आपटलं. काळुराम मात्र रागावला नाही. मला समजावून सांगायला लागला, जसं लहान मुलीला सांगावं तसं.

“नवी असती तं केला असता, बाय. तिच्याव कोंबरी व्हती ना! मना वाटला, कोनीतरी वरीसभर वापरून पास झालीली हाय. पास झालीलीला कोन घाबरतं?”

मधू, त्याची कोंबडी म्हणजे आपली चिमणी, हे तुझ्या लोहारचाळीतल्या व्यापाऱ्यांना कळायचं नाही. तुला कळेल. आपल्या दुकानात ठसा विकताना कधीच मारला नाही. हत्यार कोरं जायचं. गिऱ्हाइकाने ते पहिलं वर्ष जपून वापरायचं, छिन्नी असेल तर तोंड बाजूला करून. मोडलं तर दुसरं न्यायचं. आणि टिकलं तर खंडेनवमीला पूजेत मांडायला आणायचं. मग आप्पा त्याच्या मानेशी, जिथे पोलाद मऊ असतं तिथे, एका घावात चिमणी उठवायचे. तिकडे मुंबईत छाप म्हणजे कारखान्याचं नाव असेल. इथे ठाण्यापासून बाळकुम-कोलशेतपर्यंत चिमणीचा अर्थ एकच होता, की हे हत्यार एका माणसाच्या हातात वर्षभर राहून आलंय.

तू भट्टीबरोबर ठसा डोंबिवलीला नेलास आणि तिथे पेटीत भरण्याआधीच चिमण्या मारायला लागलास. काळुरामने त्या चिमणीवर विश्वास ठेवला. चूक त्याची एवढीच.

मी त्याला विचारलं, “माझ्याने काय होईल?”

तो म्हणाला, “तुज्यानं काय व्हनार? तुज्या भावाला सांग, येक डोला हाय अजून. त्याला बगाया तेवरा पुरल.”

शकूला हसू आलं. हसता हसता तिने पदर तोंडावर घेतला आणि मग बराच वेळ तो काढलाच नाही.

मधू, तू एकदा जाऊन ये. मी बरोबर येईन. तुला काही बोलायला लागणार नाही.

अक्का


ठाणे, २२ ऑगस्ट १९५४

मधू,

अखेर तू स्वतः लिहिलंस. तुझं अक्षर बघून आधी बरं वाटलं. वेलांटी तू अजून तशीच मागे खेचतोस. मग वाचलं.

तुझं म्हणणं तीनदा वाचून मी असं समजले. मी मोडका माल परत घेणं थांबवावं. कारखान्याची बदनामी थांबवावी. भाडंपत्र तुझ्या नावावर आहे, तेव्हा हे न थांबल्यास दिवाळीच्या पाडव्याला दुकान बंद करून जागा तुझे भागीदार गोपीनाथशेठ यांच्या गोदामाला द्यावी लागेल. मी डोंबिवलीला तुमच्याकडे राहायला यावं, मागची खोली माझी, देवघर माझ्याकडे. आणि चिमणी मुळात तू काढलेली आहे, तेव्हा ती कुठे आणि कधी मारायची हे तू ठरवणार.

देवघराचं वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुला कळू द्यायचं नव्हतं, पण लिहून बसले. तू मनापासून लिहिलंयस हे मला दिसतं. आई गेली तेव्हा तू माझ्या कुशीत झोपायचास. माझा संसार मोडून मी इथे परत आले तेव्हा सगळे हळूहळू बोलत होते, तू एकटा मोठ्याने म्हणालास, “बरं झालं अक्का आली.” त्या मधूने मला खोली देऊ केली आहे हे मला समजतं.

पण मी येणार नाही.

आता गोपीनाथशेठ. ते परवा आधी बाळकुमला जाऊन आले. बरोबर एक टाईप केलेला कागद आणि शाईचा पॅड होता. छिन्नी चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळे इजा झाली असं मान्य करायचं, अंगठा द्यायचा आणि मदत म्हणून पाकीट घ्यायचं. शकूने पाकीट उघडूनही पाहिलं नाही. ती म्हणाली, “शेठ, ह्याचा डोला गेलाय. अंगठा जाग्याव हाय. तो ऱ्हाऊ दे.”

तिथून ते घाम पुसत दुकानात आले. दारातच थांबले, कारण दारावर मी तोरण लावलंय. टोपलीतला सगळा मोडका माल सुतळीत ओवून चौकटीला टांगलाय. वारा आला की वाजतं.

“सुमतीबाई, हे काय आहे?”

“तुमचाच माल आहे, शेठ. या ना आत. डोकं सांभाळा.”

“अहो, येणारेजाणारे हसतात!”

“हसत नाहीत. थांबून बघतात. मग घरी जाऊन आपली पेटी उघडून बघतात.”

ते स्टुलावर टेकले. पाणी दिलं, प्यायले. मग आवाज मऊ करून म्हणाले, “हे बघा, गॅरंटी सगळ्याच कंपन्या देतात. पण तिला काही मर्यादा असते. तुमच्या वडिलांचा काळ वेगळा होता. तेव्हा गिऱ्हाईक ओळखीचं होतं. आता आमचा माल नागपूरपर्यंत जातो.”

“मग नागपुरातले डोळे वेगळे असतात का?”

“बाईमाणसाने या लोखंडाच्या भानगडीत पडूच नये खरं तर.”

“शेठ, तुमच्या घरी विळीवर कोण बसतं?”

ते उठले. जाताना तोरणाला डोकं लागलंच.

मला याची गंमत वाटली असं तुला वाटेल. वाटली, थोडी. पण ते गेल्यावर मी गल्ल्याला धरून उभी होते, हेही खरं.

आता मी जे दोन पत्रांत लपवलं ते सांगते, म्हणजे तुझ्या वकिलाला शोधावं लागणार नाही. माझा हात शेगडीवर भाजला, पण भाजी करताना नव्हे. मागच्या माघापासून डोंबिवलीहून येणारा माल मी तसाच विकत नाही. दुपारी दुकानाला गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी मागच्या खोलीत शेगडीवर मोठी कढई ठेवते, तीत खाडीची वाळू. चणे भाजतात तशी वाळू तापवायची. पटाशी विटकरीने घासून चकचकीत करायची आणि वाळूत पुरायची. मग बसून बघायचं. आधी काही दिसत नाही. मग कढत्या तुपाचा सोनेरी रंग येतो, पटाशीला तिथेच थांबायचं. छिन्नीला पुढे जाऊ द्यायचं, बदामी होते, मग वांग्याच्या सालीसारखी जांभळी. आप्पांच्या मागे उभी राहून मी हे रंग पाहिलेत. तूही माझ्या शेजारीच असायचास. भट्टीपाशी मला कोणी बसू दिलं नसतं, पण कढईपाशी बसलेल्या बाईला कोण विचारतं?

काळुरामने छिन्नी माझ्याकडून घेतली नव्हती, बाजारात घेतली. माझ्याकडून घेतली असती तर, हा विचार मी करत नाही. केला तर मला कढईपाशी बसवत नाही.

आणि तसा माल विकताना मी त्याच्यावरची चिमणी कानशीने घासून काढते. छापाची नासधूस केल्याचा आरोप तुझ्या पत्रात आहे, तो अगदी खरा आहे. वर्ष न भरलेल्या हत्यारावर चिमणी शोभत नाही.

तू म्हणतोस चिमणी तू काढलीस. तूच काढलीस. पाटी माझ्या मांडीवर होती, पेन्सिल तुझ्या हातात. चोच, पोट, शेपूट, आणि पाय काढायच्या आत पाटी संपली. आप्पा म्हणाले, हीच आपली छाप. ठसा करून आणला तेव्हा तू रडायला लागलास की चिमणीला पाय नाहीत, ती बसणार कुठे? आप्पांनी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. तुला आठवत असेल तर आठवू दे.

आगरी लोकांनी तिला पहिल्या दिवसापासून कोंबडी म्हटलं, तेव्हाही तू रडला होतास. तेही आठवू दे.

अक्का


ठाणे, दसरा, १९५४

मधू,

सोनं घे. आपट्याचं पान पत्रात ठेवलंय, चुरगळलं असेल.

तू माल पाठवणं बंद केलंस हे कळलं. ठीक आहे. कल्याणचा दौलत लोहार आप्पांच्या भट्टीवर होता, तो मला घडवून पाणी देऊन कोरा माल पाठवतो. ऊब मी देते. थोडाच होतो. पण काल खंडेनवमीला गल्ल्यामागची फळी रिकामी नव्हती, एवढं तुला सांगायचं होतं.

काल मी पूजा मांडली. ठसा गेल्यापासून लोक नुसता नमस्कार करून जायचे, तसेच येतील असं वाटलं होतं. पण तोरणाची बातमी पसरली होती. दगडू आला, त्याच्यामागे टेंभी नाक्यावरचे सुतार, खोपटचे दोन गवंडी, कोण कोण. सगळ्यांच्या पिशवीत काहीतरी मोडलेलं. पाटावर एका बाजूला कोरी हत्यारं, झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि दुसऱ्या बाजूला हा सगळा मोडका संसार. दगडू म्हणाला, “बाई, देवीला वाटेल लढाई हरून आलोत.”

मी म्हटलं, “हरला असतात तर परत मागायला आला नसतात.”

जेवढं देता आलं तेवढं दिलं. ज्यांना पुरलं नाही त्यांना सांगितलं, दिवाळीनंतर या. कोणी पावती विचारली नाही, मीही नाही.

मग काळुराम आला. शकू त्याच्या उजव्या बाजूने चालत होती, तिकडचं त्याला दिसत नाही म्हणून. लोक बाजूला झाले. त्याने कमरेची छिन्नी काढली. तीच. धार खाल्लेली, मानेशी चिमणी. पाटावर ठेवली, नमस्कार केला आणि माझ्याकडे वळला.

“मोडला तं तुमचा ना?”

“आमचं.”

“मंग दुसरी दे.”

शकूच पुढे झाली. “विचारा ह्याला, दगडाशी अजून काय कराचा हाय ते. घरात कोनाचा आयकत नाय.”

“विहीर अर्दी ऱ्हायलीय,” तो म्हणाला. “ती काय माज्या डोल्यासाठी थांबल?”

मधू, त्या क्षणी मला तुझं कार्ड फार सोयीचं वाटलं. सहा महिने झाले, पावती नाही, चुकीचा वापर, असं म्हणून हात झाडता आले असते. त्याला दुसरी छिन्नी द्यायची म्हणजे त्याचा उरलेला डोळा माझ्या कढईवर सोपवायचा. दुपारचं ऊन उतरताना रंग बघणाऱ्या माझ्या या डोळ्यांवर. माझा हात फळीपर्यंत गेला आणि थांबला. आप्पा कुणालाही हत्यार देताना आधी फडक्याने पुसायचे. ते उगीच नव्हे हे मला काल कळलं. तेवढा वेळ त्यांना लागत असणार.

मी पुसली आणि दिली. जांभळी, कोरी.

तो म्हणाला, “हितंच बगतूं.” उंबऱ्याबाहेरचा पायरीचा दगड आठवतो ना, ज्यावर तू गोट्या खेळायचास? तिथे तो बसला. दगडूने आपला हातोडा दिला. मी म्हटलं, “काळुराम, तोंड बाजूला.”

“आता येकच हाय बाय, मी भिंतीकरं बगून मारतूं.”

सगळ्यांनी माना फिरवल्या. शकूने डोळे मिटले. ऊब मी दिली होती, तेव्हा मी तोंड फिरवलं नाही. वाकून, अगदी धारेकडे बघत उभी राहिले.

त्याने घातले ते घाव पाहुण्यासारखे नव्हते. पायरीचा कोपरा फुटून बाजूला पडला. धार जशीच्या तशी. त्याने अंगठा फिरवून बघितली, शकूच्या हातात दिली, तिनेही फिरवली. काळुरामचा तोच अंगठा, जो तिने शेठच्या कागदावर देऊ दिला नव्हता.

“पुरल्या वरसाला ठशाला आनतूं,” काळुराम म्हणाला. म्हणाला आणि निघून गेला. ठसा माझ्याकडे नाही हे त्याला माहीत नव्हतं का? होतं. सगळ्यांना आहे.

पायरी फुटली आहे. ती जागा तुझ्या नावावर आहे म्हणून कळवते.

अक्का


ठाणे, नरक चतुर्दशी, १९५४

मधू,

वकिलाची नोटीस अभ्यंगस्नानाच्या आधी मिळाली, म्हणजे तुझी पोस्टाची व्यवस्था चांगली आहे. परवा पाडव्याला किल्ली गोपीनाथशेठच्या माणसाकडे द्यावी, असं तीत आहे.

किल्ली मी देणार नाही. कुलूप घालायचं तर घाला. मग मी त्या फुटक्या पायरीवर बसेन. कढई आणि शेगडी उचलायला मला कोणाची मदत लागत नाही, आणि दगडूने सांगून ठेवलंय की त्याच्या शेडची पुढची बाजू माझी. मी घाबरले नाही असं तुला वाटू नये. मला फार भीती वाटते. दुकानामागच्या या खोलीत आईची चूल होती, इथेच तू चालायला शिकलास, आणि या वयात मी रस्त्यावर शेगडी मांडायची म्हणजे लोक काय काय बोलतील ते मला इथे बसून ऐकू येतं. पण भीतीने मला डोंबिवलीच्या देवघरात नेऊन बसवलं, तर रोज फुलं वाहताना मला देवाकडे बघवणार नाही.

हेमाने परवा चकल्यांचा डबा पाठवला. त्यात चिठ्ठी होती. तिने लिहिलंय, तू हल्ली जेवताना बोलत नाहीस, आणि एकदा तू पेटीतून एक छिन्नी काढून घरच्या शेगडीवर धरून बसलास, तिने विचारलं तर म्हणालास, काही नाही. तिच्यावर रागावू नकोस. ती तुझ्या बाजूने लिहीत होती, माझ्या बाजूने नव्हे.

कोणता रंग आला रे? तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. आप्पा म्हणायचे, रंग मधूला विचारा.

मी बदललेय असं तू नोटिशीच्या मागे पेन्सिलीने लिहिलंयस. वकिलाने ते पाहिलं नसावं. “अक्का, तू अशी नव्हतीस.” खरं आहे, नव्हते. मी सगळ्यांचं ऐकणारी होते. आप्पांचं, सासरच्यांचं, मग तुझं. तू ठसा नेलास तेव्हा मीच तो फडक्यात बांधून तुझ्या पिशवीत घातला, वाटेत पडू नये म्हणून. आता ऐकत नाही, तर मला माझाच आवाज नवा वाटतो. पण आवडतो.

भाऊबीजेला ये.

दरवर्षी तू साडी आणतोस आणि मी म्हणते कशाला आणलीस. यंदा साडी आणू नकोस. ओवाळणीत मला ठसा घाल. पुढच्या खंडेनवमीला काळुराम येईल, त्याच्या छिन्नीच्या मानेशी मला तो मारायचा आहे. तोपर्यंत मी तो डब्यात कापूर घालून ठेवीन, एका हत्यारालाही लावणार नाही. काळुराम आणि शकू भाऊबीजेला इथे जेवायला आहेत. त्यांच्यासमोर घाल.

तू घालणार नाहीस हे मी जाणून आहे. नागपूरच्या पेट्या भरायच्या आहेत, शेठ आहेत, कर्ज असेल, तू कधी मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तरीही मागते. बहीण आहे, मागायचा दिवस आहे.

आणि नाहीच म्हणणार असलास, तर ते वकिलाच्या कागदावर नको. ये, पाटावर बस, निरांजन लावलेलं असेल, समोर काळुराम असेल. त्याच्याकडे बघ आणि तुझ्या तोंडाने म्हण.

अक्का